बेल दाबल्यावर लागणारा दिवा

आमच्या इमारतीत मला सगळे शिष्ट समजतात. जिन्यात कोणी हसलं तर मी बघून पुढे जातो, मागून हाक मारली तर वळत नाही, आणि दारावर थाप पडली तरी माझ्या घरातून हूं की चूं होत नाही. खरी गोष्ट एवढीच की मला ऐकू येत नाही. चौतीस वर्षं मी कंट्रोल पॅनेलच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग केलं. माझं टेबल एअर कॉम्प्रेसरला चिकटून होतं, आणि रिटायर होईपर्यंत त्या कॉम्प्रेसरने माझा डावा कान पुरता आणि उजवा बारा आणे खाल्ला. उरलेल्या चार आण्यांत समोरच्या माणसाचे ओठ बघून, अंदाजपंचे, माझं काम भागतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बहिरा म्हणून कीव करून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणून शिव्या खाणं मला बरं वाटायचं. आता वाटत नाही.

त्या सोमवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला जिन्यात अडवलं. त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे त्या काय बोलतात ते मला कधीच कळत नाही. मी नेहमीसारखी मान हलवून निघालो, तर त्यांनी टाचण्या काढून मुठीत घेतल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काका, मध्ये पडू नये मी, पण काल तुम्ही बरोबर केलं नाहीत."

"काय केलं मी?"

"लेक आली होती तुमची. खाली रस्त्यावरच्या दाराशी कितीतरी वेळ बेल दाबत उभी होती. मी आले तेव्हा निघालीच होती. म्हटलं, माझ्याकडे किल्ली आहे, चल वर. तर म्हणाली, नको, त्यांना उघडायचं असतं तर त्यांनी उघडलं असतं."

काल दुपारी मी घरातच होतो, स्वयंपाकघरात मटार सोलत. बेलची घंटी त्या खोलीच्या दारावरच लावलेली आहे, माझ्या डोक्यापासून चार हातांवर. ती वाजत होती आणि मी शेंगा सोलत होतो.

"मला ऐकूच आली नाही हो," मी म्हटलं.

"एवढी बेल दाबली आणि ऐकली नाही?"

"नाही. मला ऐकू येत नाही."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की आठ वर्षांचा शेजार त्यांना पहिल्यापासून मांडावा लागतोय हे मला दिसलं.

आता लेकीचं सांगतो. तिला मी लहानपणापासून ठकी म्हणतो. पाच वर्षांपूर्वी तिची आई आजारी पडली, तेव्हा ठकीने तिला आपल्या गावी मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरवलं होतं. मी नेऊ दिलं नाही. इथले डॉक्टर काही वाईट नाहीत, माझी बायको माझ्या घरातच बरी होईल, असं मी म्हणत राहिलो. ती बरी झाली नाही. गेल्यावर चौथ्या दिवशी ठकी मला म्हणाली, "तुमच्या हट्टापायी आई गेली, बाबा." ती बोलली ते खरं होतं, म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "या घराची बेल पुन्हा वाजवायची नाही. वाजवलीस तरी मी दार उघडणार नाही." ती बॅग उचलून गेली. पुढे वर्षभराने मी तिचा नंबर लावून बघितला. पलीकडून कोणी काही बोललं का, हेही मला समजलं नाही. पत्र टाकलं, ते पत्ता बदलला म्हणून परत आलं.

आणि पाच वर्षांनी ती आपणहून आली, बेल वाजवली, आणि मी दार उघडलं नाही.

"रविवारपर्यंत इथे आहे म्हणाली," शिंपीणबाई म्हणाल्या. "जमलं तर परत एक चक्कर मारीन म्हणाली. पण काका, तिचा चेहरा बघून मला नाही वाटत."

"येईल," मी म्हटलं.

"मग खालच्या दारावर एक चिठ्ठी लावा. मला ऐकू येत नाही, खालच्या मजल्यावरची बेल दाबा, असं लिहा. मी आहेच की."

सरळ साधा उपाय होता. एका खडूने आणि पुठ्ठ्याने काम झालं असतं. पण माझं पित्त खवळलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं की इथे दुसऱ्या मजल्यावर एक बहिरा म्हातारा एकटा राहतो? मी चिठ्ठ्या लावणारा माणूस नाही. शंभर मोटरींची पॅनेल या हातांनी उभी केली आहेत, मला एका बेलचं काय? मी बाईंना म्हटलं, "दोन दिवसांत मी सर्किटच बनवतो. बेल दाबली की माझ्या घरात दिवा लागेल."

"आणि तोवर?"

"तोवर मी खाली स्टुलावर बसतो."

सोमवारी आणि मंगळवारी मी सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास खाली बसलो. गुडघा आणि लघवी या दोघांनी मिळून त्याहून जास्त बसू दिलं नाही. वरच्या खिडकीतून रस्ता दिसतो, पण दाराशी उभा असलेला माणूस दिसत नाही, कारण दार बरोबर खिडकीखाली आहे आणि मध्ये छज्जा येतो. उरलेला वेळ मी टेबलाशी होतो.

काम तसं मामुली होतं. भिंतीतले दोनशे तीस व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये घालून खाली चोवीसवर आणायचे, सरळ करायचे, म्हणजे एसीचे डीसी करायचे, आणि त्यावर एक रिले चालवायचा. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटन. आत एक छोटी कॉइल असते, तिला वीज मिळाली की ती लोखंडी पट्टी ओढते आणि पट्टी दुसरीकडचा दिवा लावते. माझ्या भंगाराच्या डब्यात असे सात-आठ रिले होते. त्यातला एक, दोन कॉन्टॅक्टचा, मी निवडला. एका कॉन्टॅक्टवर दिवा. आणि दुसरा मी अशा रीतीने जोडला की रिले एकदा ओढला गेला की स्वतःच स्वतःला धरून ठेवेल. खाली बोट बटनावरून निघालं तरी वर दिवा लागलेलाच राहील, मी जाऊन हाताने बंद करेपर्यंत. ठकीने बेल दाबली त्या क्षणी माझी पाठ असेल, डुलकी लागलेली असेल, तरी नंतर नजर गेली की कळेल. या जोडणीवर मी फार खूश होतो.

पहिल्याच झटक्यात सर्किटने माझी लाज काढली. रिले ओढला जायच्याऐवजी तडतडायला लागला. ऐकू तर येत नव्हतं, पण त्याच्या टोपणावर बोट ठेवलं तेव्हा बोटाला मुंग्या आल्या. घाईत मी वीज गुळगुळीत करणारा कपॅसिटर लावायलाच विसरलो होतो. वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना याच चुकीसाठी मी भर टेबलावर झापलेलं आहे. कपॅसिटर लावला, आणि बोटाखाली रिलेने एकच स्वच्छ ठोका दिला. मी तो दहा-बारा वेळा उगीचच घेतला.

दुसरी अडचण खालच्या वायरची होती. रस्त्यावरच्या बटनापासून वर येणारी बेलची वायर जुनी, गंजलेली आणि इतकी बारीक की रिलेला लागणारी वीज तिच्यातून धड येईना. मग मध्ये एक ट्रान्झिस्टर घातला, म्हणजे वायरमधून नुसती चाहूल आली तरी पुरे, बाकीचा जोर तो लावेल. त्याने काम झालं. बुधवारी दुपारी सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात बसवून भिंतीवर ठोकलं.

दिवा कुठे लावायचा यावर मी अर्धा तास घालवला. स्वयंपाकघर, पलंग आणि माझी खुर्ची, या तिन्ही जागांवरून दिसेल अशी घरात एकच जागा होती, खिडकीची वरची चौकट. तिथे शंभर वॉटचा बल्ब टांगला. आमची गल्ली अरुंद, घरात दिवसाही अंधारच, त्यामुळे तो लागला की खोली उजळून निघायची.

गुरुवारी सकाळी शिंपीणबाईंनी खाली जाऊन बटन दाबलं. मी स्वयंपाकघरात पाठ करून उभा होतो. समोरची भांडी एकदम पिवळी झाली. मी पळत जाऊन दिवा बंद केला, त्यांनी परत दाबलं, परत लागला. अशा पाच वेळा. सहाव्या वेळेला बाई कंटाळून वर आल्या.

"लागतो ना दिवा? मग झालं. आता जरा स्वतःकडे बघा."

"माझं काय?"

"चार दिवसांची दाढी, अंगावर तोच सदरा, बोटं काळी. लेकीसमोर असे जाणार? ती म्हणेल, आईमागे बापाला कोणी बघत नाही."

बोलणं लागलं मला. शुक्रवारी सकाळी मी पाणी तापवलं, पेटीतला पांढरा सदरा काढला आणि साडेदहाच्या सुमारास न्हाणीघरात गेलो. दाढी नीट केली. हनुवटीखाली ठकी लहानपणी बोट फिरवून राहिलेले केस शोधायची, तिथे दोनदा वस्तरा फिरवला. मग सावकाश अंघोळ केली, डोक्यावरून. दार लावलेलं होतं. न्हाणीघरात दिवा दिसत नाही. एक वायरचा तुकडा ओढून तिथे दुसरा बल्ब लावला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. मला सुचलं नाही, कारण बसून सर्किट आखताना माणूस अंघोळ करत नसतो.

बाहेर आलो तर खोली पिवळी.

मी तसाच निघालो, टॉवेल गुंडाळून, एका पायात चप्पल. अडतीस पायऱ्या आहेत. गुडघा कुठे गेला होता कोण जाणे. खालचं दार उघडलं तर समोर कोणी नव्हतं. उजवीकडे कोपऱ्यापर्यंत गेलो, मग डावीकडे. लोक माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्यात एक चेहरा शोधत होतो, तोही पाच वर्षांपूर्वीचा. शिंपीणबाई कपडे पोचवायला गेल्या होत्या. समोरचा किल्लीवाला सदानकदा आपल्या टपरीत असतो, पण त्याचीही फळी लावलेली होती.

वर येऊन खुर्चीत बसलो. दिवा तसाच जळत होता. बेल किती वाजता दाबली, किती वेळा दाबली, कोण होतं, यातलं त्याला काही सांगता येत नव्हतं. कोणीतरी आलं होतं आणि तू नव्हतास, एवढंच. चार दिवस खपून मी हे सांगणारं यंत्र बनवलं होतं. मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही, टॉवेलवर बसून मी म्हातारा ढसाढसा रडलो.

त्याच दुपारी तीनच्या सुमारास मी दिव्याकडे तोंड करून बसलो होतो. बंद होता. पायाखालची फरशी किंचित थरथरली, म्हणजे तळघरातला पाण्याचा पंप सुरू झाला, आणि त्याच क्षणी दिवा लागला. मी उडी मारून उठलो, खिडकीतून हाका मारल्या, धावत खाली गेलो. कोणी नाही. परत वर आलो, दिवा बंद केला. पंप थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, आणि दिवा पुन्हा लागला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बेलची वायर पंपाच्या केबलबरोबर एकाच नळीतून वर येते. पंप सुरू होताना जो धक्का बसतो त्याची चाहूल शेजारच्या वायरला लागते, आणि माझा तो हलक्या कानाचा ट्रान्झिस्टर तिला बोट समजतो. पंप सकाळीही चालतो, साधारण अकराला. मी सगळ्या चाचण्या सकाळी नऊला घेतल्या होत्या, आणि बुधवार-गुरुवार नळाला पाणीच नव्हतं म्हणून पंप चालला नव्हता.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. स्वतःच्या सर्किटमध्ये चूक सापडली म्हणून आनंदाने टाळी वाजवणारा पॅनेलवाला जगात मी पहिलाच असेन. म्हणजे सकाळी कोणी आलंच नव्हतं! पंप होता. ठकी अजून यायची होती, शनिवार बाकी होता, रविवार बाकी होता. मी ट्रान्झिस्टरच्या पायाशी एक छोटा कपॅसिटर जोडला, म्हणजे क्षणभराचा धक्का त्यात जिरेल आणि बोट मात्र कळेल. संध्याकाळी पंप दोनदा चालला. दिवा गप्प राहिला. शिंपीणबाईंकडून बटन दाबून घेतलं. लागला.

शनिवारी समोरचा किल्लीवाला आपल्या जागेवर होता. खिडकीतून मला दिसत होता, कानस घासत बसलेला. त्याची टपरी आमच्या दाराच्या अगदी समोर. खाली जाऊन एक प्रश्न विचारायचा होता, शुक्रवारी कोणी आलं होतं का? मी गेलो नाही. मी स्वतःला सांगितलं की जागा सोडून जाणं बरोबर नाही. खरं कारण असं की मला पंपच हवा होता.

शनिवारी दिवा लागला नाही. रविवारी मी अंघोळ केली नाही, न्हाणीघराचं दार उघडं ठेवून कामं उरकली, खुर्चीतच जेवलो. पांढरा सदरा अंगावर होता. दिव्याकडे इतका वेळ बघितलं की न लागताही तो मला लागल्यासारखा दिसायला लागला. दर तासाने मी रिलेच्या डब्यावर बोट ठेवून तो जागा आहे ना ते बघत होतो. रविवारचा दिवस मावळला. ती आली नाही. मी मनाची समजूत घातली, की नाही आली, कामात असेल, पण निदान येऊन दारातून परत गेली नाही. पुढच्या वर्षी येईल. दिवा आहेच. त्या समजुतीवर मला झोपही लागली.

सोमवारी मी दूध घेऊन परत येत होतो तर किल्लीवाल्याने हाताने बोलावलं. चांगला माणूस आहे, बोलताना समोर बघून बोलतो.

"काका, तुमचा खिडकीतला दिवा भारी आहे हां. खाली बेल दाबली की वर लागतो. मला पण असं काहीतरी करून द्या की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"शुक्रवारी बघितलं ना. एक बाई आल्या होत्या, बरोबर लहान मुलगी. बाईंनी बेल दाबली तसा वर दिवा लागला, आणि त्या दोन पावलं मागे येऊन बघायला लागल्या. पोरगी तर उड्याच मारायला लागली. आई, दिवा लागला, आजोबा घरात आहेत!"

मी दुधाची पिशवी त्याच्या फळीवर ठेवली.

"मग?"

"मग थांबल्या दोघी. पाच-सात मिनिटं तरी असतील. बाईंनी परत काही बेल दाबली नाही, नुसत्या वर बघत होत्या. मला वाटलं तुम्ही येताय खाली. मला एकाचं कुलूप उघडायला जायचं होतं, मी फळी लावत होतो. तेवढ्यात बाईंनी मुलीचा हात धरला."

"काही बोलली का?"

तो आठवत राहिला. बोललं पाहिजे की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसलं, पण मी त्याच्या ओठांवरची नजर काढली नाही.

"पोरगी विचारत होती, आजोबा येत का नाहीत. तर म्हणाल्या, आजोबा शब्दाचे पक्के आहेत, चल."

"परत सांगा," मी म्हटलं. खरं तर मला पहिल्या वेळीच नीट कळलं होतं.

त्याने परत सांगितलं, अगदी सावकाश, बहिऱ्याला सांगतात तसं. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

पहिल्या रविवारी ती गेली तेव्हा बाप घरात नसेल अशी थोडी शंका तरी तिच्याजवळ शिल्लक असेल. त्या शंकेपोटीच ती परत आली, मुलीला घेऊन. आणि मी शंभर वॉटचा दिवा लावून तिला सांगितलं, की मी घरात आहे.

"काका, बसा जरा. पाणी देऊ?"

"मुलीचं नाव काय?"

"ते नाही विचारलं हो मी."

"केवढी होती?"

त्याने उजवा हात पालथा करून आपल्या कमरेच्या जरा खाली धरला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. मग एक गिऱ्हाईक किल्ली घेऊन आलं आणि त्याने तो हात पुढे केला.